लॅपटॉपसाठी लावलेला कौल

आचऱ्याच्या बाजारात लॅपटॉप विकणारा आणि दुरुस्त करणारा एक माणूस आहे. उघडलेल्या यंत्राचे स्क्रू तो करवंटीत ठेवतो आणि तुम्ही काहीही विचारलंत तरी हातातला स्क्रू बसल्याशिवाय उत्तर देत नाही. माझ्यासारख्या बोलघेवड्या निवृत्त मास्तराला ही शिक्षाच.

मला आठवणी लिहायला लॅपटॉप हवा होता. सगळं इंटरनेटवर ठेवणारा हलका क्लाऊडवाला घ्यावा, की आपल्याच पोटात साठवणारा नेहमीचा? महिनाभर ठरेना. शेवटी जन्मभर विज्ञान शिकवलेला हा मास्तर गुपचूप देवळात गेला आणि 'क्लाऊडवाला घेऊ का?' म्हणून त्याने कौल लावला. मूर्तीला चिकटवलेल्या फुलांतलं उजवीकडचं पडलं, म्हणजे होकार.

हे मी त्या दुकानदाराला ऐटीत सांगितलं. त्याने आधी दोन स्क्रू बसवले. मग त्याने शटर ओढलं, दुकानातला एक क्लाऊडवाला पिशवीत घातला आणि मला स्कूटरवर मागे बसवून माझ्याच घरी आणलं. पडवीत, माजघरात, विहिरीपाशी तो लॅपटॉप आरतीच्या ताटासारखा धरून फिरला. पडद्यावरचं वर्तुळ गरगरत राहिलं. रेंज कुठेच नव्हती.

"म्हणजे देवाचा कौल चुकला?" मी ओशाळून विचारलं.

या वेळी हातात स्क्रू नव्हता, तरी त्याने वेळ घेतला.

"नाय ओ मास्तरानू. देवान आपल्या जाग्यावरसून सांगल्यान. थंय रेंज फुल आसा."