नखभर उत्तरेकडे

मडगावला गाडीत चढलो तेव्हा माझ्या खिशात एका बाजूचंच तिकीट होतं. "परतीचं काढू नका, बाबा," मुग्धाने फोनवर बजावलं होतं. "आधी या, राहून बघा. जमलं तर राहाच." मुग्धा माझी एकुलती एक लेक. चंदीगडच्या एका मोठ्या इस्पितळात डॉक्टर आहे, राहते शेजारच्या मोहालीत. तिची आई गेल्यापासून तिने हाच धोशा लावला होता. आंबोली घाटाच्या पायथ्याशी आमचं गाव, तिथे मी, चार खोल्या आणि थोडी पोफळीची बाग. मी हो म्हटलं नव्हतं आणि नाहीही म्हटलं नव्हतं. मनाशी एवढंच ठरवलं होतं की परसातल्या कोकमाचं एक रोप तिकडे नेऊन लावायचं. ते तिथे धरलं, तर आपणही धरू.

रोप न्यायचं ते त्याच्या मातीसकट, ही आमच्याकडची रीत. मुळं झटकून नेलेलं रोप परक्या मातीत मान टाकतं. म्हणून मी कुदळीने खालचा गोळाच्या गोळा उचलला, वर कुजका पाचोळा घातला आणि सगळं तेलाच्या रिकाम्या डब्यात बसवलं. हा डबा पायांत धरून मी दोन दिवस बसलो होतो. समोरच्या बाकावर अंबाल्याचे एक निवृत्त सुभेदार होते, दाढी पांढरीशुभ्र. बोलता बोलता म्हणाले, "हिमालय तो जी शुरू से वहीं खड़ा है. हम लोग ही आते-जाते हैं."

मी चौतीस वर्षं हायस्कुलात भूगोल शिकवला. चुकीचं उत्तर कानावर पडलं की माझा हात आपोआप खडू शोधू लागतो. आमच्या लग्नात मी भटजींना पूर्व दिशा दाखवून दिली होती, आणि बायकोने ते मला जन्मभर ऐकवलं. तेव्हा सुभेदारांना मी सांगितलं की हिमालयाच्या जागी एके काळी समुद्र होता, आपली जमीन दूर दक्षिणेला आफ्रिकेला चिकटलेली होती, तिथून तुटून ती वर सरकत आली आणि आशियाला धडकली, तेव्हा हा डोंगर वर आला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "चलो जी, आपकी बात पक्की. पर मास्टर जी, पौधे को पानी तो पिलाओ. सुबह से प्यासा बैठा है." ते खरंच होतं.

चंदीगड स्टेशनवर जावई आला होता. हरजीत जवळच्या खरड गावातल्या एका खासगी कॉलेजात शिकवतो, मला 'पापा जी' म्हणतो आणि माझ्या हातातलं ओझं काढून घेतल्याशिवाय नमस्कार करत नाही. गाडी सरळसोट रस्त्यांवरून निघाली. एका चौकात काच खाली केली आणि एकदम ओळखीचा वास आला. सातवीण फुलली होती. आमच्याकडे ती रानात वाढते आणि तिच्याखाली झोपू नये म्हणतात. इथे ती रांगेने, कुंपणात, शिस्तीत उभी होती. दोन दिवसांपूर्वी जे गाव मागे टाकून दूर आलो असं वाटत होतं, ते या चौकात माझ्याआधी येऊन उभं होतं. मी चष्मा काढून डोळे पुसले. हरजीतला वाटलं, मला वासाचा त्रास होतोय; त्याने काच वर केली.

पुढच्या काही दिवसांत मी सकाळी फिरताना इथली झाडं बघत गेलो. जांभळांची जुनी झाडं, आणि पलीकडे सफेदे (म्हणजे आपली निलगिरी). जांभूळ आणि निलगिरी एकाच कुळातली. कोट्यवधी वर्षांपूर्वी जमीन फुटली तेव्हा त्या कुळाची पांगापांग झाली, आणि इथल्या कुणा बागवाल्याने त्यांना पुन्हा एका रस्त्यावर आणून उभं केलं. दोघी एकमेकींना ओळखत नसतील. भाऊबंदांच्या लग्नात असंच होतं.

घरात नऊ वर्षांची रेवा होती, माझी नात. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर हिंदीतच. मी म्हणायचो, "रेवा, पाणी आण गो," आणि ती पाणी आणून म्हणायची, "लो नानू, और कुछ?" मुग्धाने मागची खोली माझ्यासाठी तयार ठेवली होती. पलंग नवा, भिंतीवर तिच्या आईचा फोटो, आणि खिडकीबाहेर हातभर अंगण. "कोकम इथे लावा," ती म्हणाली. "म्हणजे उठल्या उठल्या दिसेल." तिने सगळा विचार करून ठेवला होता, आणि ते बघून मला आनंद व्हायच्या ऐवजी अपराधी वाटलं.

पाचव्या दिवशी माळी आला. त्याचं नाव रामसरन. त्याने खड्डा खणला, मी डबा आडवा करून मातीचा गोळा बाहेर काढला, आणि गोळ्याच्या कडेला काहीतरी वळवळलं. वीतभर लांब, जांभळट करडं, अंगावर कड्याच कड्या. रामसरनने खुरपं उचललं. "हटिए बाबूजी, साँप का बच्चा है."

मी त्याच्यावर दोन्ही हात धरले. खुरपं माझ्या मनगटापाशी थांबलं. साप नव्हता तो, गांडूळही नव्हतं. ते देवगांडूळ होतं: बेडकांच्या नात्यातला, पाय नसलेला, मातीखाली राहणारा जीव. डोळे नावापुरते, कातडीखाली. आमच्याकडेही लोक त्याला दुतोंड्या साप समजून ठेचतात. मी रीतीने माती उचलली होती आणि मातीबरोबर तिच्यात राहणाऱ्याला न विचारता पंजाबात आणलं होतं. चौतीस वर्षं भूगोल शिकवून शेवटी मी त्या जुन्या तुटलेल्या खंडाच्या एका रहिवाशाला पळवून आणलं.

त्याला काचेच्या बरणीत नाही, पिठाच्या जुन्या डब्यात ठेवलं, गावच्या मातीत आणि पाचोळ्यात. मुग्धाने नवं पीठ प्लास्टिकच्या पिशवीत भरलं. लहानपणी तिनेही अशी पुष्कळ बिऱ्हाडं घरात आणली होती. नळाच्या पाण्याला औषधाचा वास यायचा, म्हणून मी बादली भरून दिवसभर उघडी ठेवायचो आणि मगच शिंपडायचो. रेवा शेजारच्या बागेतून वाळवी आणि गांडुळं गोळा करून आणायची. "नानू, ये खाता कब है? मेरे सामने तो नहीं खाता." मी म्हटलं, "पाहुण्यासमोर लाजतो."

रविवारी आम्ही पिंजोरकडे निघालो. रेवाने डबाही बरोबर घेतला, "उसको भी पहाड़ दिखाना है." डोळे नसलेल्याला डोंगर काय दाखवणार, हे मी तिला सांगणार होतो, पण मुग्धाने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. कालक्याच्या रस्त्यावर एका ठिकाणी डोंगर कापलेला होता. आत सगळे गोटे, नदीत घासून गोल झालेले, मातीत खचाखच रुतलेले. हिमालय वर येत होता तेव्हा नद्यांनी त्याचा राडारोडा इथे आणून टाकला, त्याचा हा शिवालिक. पलीकडच्या चहाच्या टपरीवर वर्तमानपत्रं उडू नयेत म्हणून एक दगड ठेवला होता. मी उचलून पाहिला, तर तो दगड झालेला दात होता, माझ्या मुठीपेक्षा मोठा.

"हाथी का है जी," चहावाले बाबा म्हणाले. "नदी में मिला था. कॉलेजवाले आए थे, वही बता गए."

"मतलब हाथी भी नानू के गाँव से आया?" रेवाने विचारलं.

"नाही. हत्ती नंतर आले. दोन जमिनी जोडल्या गेल्या, वाट झाली, तेव्हा चालत आले. ते पाहुणे. डब्यातला मात्र मूळचा घरचा."

समोर ओवा घातलेले पराठे आले होते. शाळेत मी हा धडा घावनावर शिकवायचो. इथे पराठ्यावर भागवलं. पराठ्याचे तुकडे केले. मोठा तुकडा आफ्रिका, एक बारीकसा चुरा म्हणजे समुद्रातली सेशेल्सची बेटं, आणि त्रिकोणी तुकडा आपण. आपला तुकडा हळूहळू सरकवत ताटाच्या वरच्या बाजूला ठेवलेल्या दुसऱ्या पराठ्यात घुसवला. त्या पराठ्याला घडी पडून ती वर आली. तो हिमालय. मग रेवाला दाखवलं की ओव्याचा एक दाणा आपल्या तुकड्यावर आहे, एक त्या चुऱ्यावर राहिलाय, एक आफ्रिकेवर. देवगांडुळाचे सख्खे नातलग आजही तिथेच सापडतात, मध्ये एवढा समुद्र असून.

रेवाने आपल्या तुकड्यावरच्या ओव्याच्या दाण्यावर बोट ठेवलं. "नानू, ये इतनी दूर चलके आया, तो हमारे यहाँ क्यों नहीं रह सकता?"

"तो चाललाच नाही गो. त्याला खारं पाणी ओलांडता येत नाही, कोरडी जमीनही नाही. तो आपल्या मातीत होता तिथेच बसला. माती चालली."

"अब भी चल रही है?"

"चालतेय. आपली नखं वाढतात ना, साधारण तेवढ्याच वेगाने. उत्तरेकडे."

तिने लगेच आपला अंगठा निरखून पाहिला. मुग्धा मात्र माझ्याकडे बघत होती. तिने हा धडा माझ्याच वर्गात, पहिल्या बाकावर बसून ऐकलेला. ताटातला त्रिकोणी तुकडा ती बोटाने उगाच फिरवत राहिली.

नोव्हेंबर लागला आणि हवा बदलली. कोकमाच्या पानांच्या कडा काळ्या पडल्या. अंगणात लावलेलं रोप मातीसकट काढून कुंडीत घेतलं आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवलं. देवगांडूळ मातीत शिरेनासं झालं. पाचोळ्याखाली नुसतं वेटोळं करून पडून राहायचं, बोट लावलं तर सावकाश हलायचं. गावची माती ओंजळ-दोन ओंजळ उरली होती आणि इथली माती त्याला चालत नव्हती. आणखी आठवडाभर काढला असता तर ते मेलं असतं, हे मला दिसत होतं.

एका संध्याकाळी मुग्धा ड्युटीवरून येऊन माझ्या खोलीत पलंगावर बसली. "देवगांडुळासाठी परत जाताय?"

"त्याला पोचवायला हवं."

"आणि पोचवून पुन्हा याल?"

मुलीशी खोटं बोलायची मला सवय नाही. देवगांडूळ हे निमित्त होतं. ते नसतं तर मी दुसरं काही शोधून काढलं असतं. पहाटे जाग आली की मी पोफळीवर पाणी पडल्याचा आवाज शोधायचो आणि पलीकडून कुणाचीतरी मोटार सुरू व्हायची. मी त्या घरात सुखात होतो, आणि रोज थोडा थोडा कोरडा पडत होतो.

"मला वाटलं होतं, कोकम धरेल," ती म्हणाली. मग रडली. "बाबा, माझाही जीव तिकडेच असतो हो. आईचं घर, ती बाग. पण माझं सगळं इथे उभं राहिलंय. आणि तुम्ही तिथे एकटे. मी इथे दुसऱ्यांची म्हातारी माणसं तपासते."

मी तिचं डोकं जवळ घेतलं. लेक हवी होती आणि गावही हवं होतं, आणि दोन्ही एका मातीत मिळणार नव्हती. तिकीट तिनेच काढलं.

परतताना स्टीलच्या डब्याला झाकणात भोकं पाडून आत ओलं शेवाळ घातलं होतं. कोकम मागे ठेवलं, रेवा म्हणाली, "ये मैं सँभालूँगी." रत्नागिरीच्या पुढे हवा दमट झाली तसं डब्यात हालचाल जाणवू लागली. मीही शर्टाचं वरचं बटण सोडलं.

घरी पोचलो तर शेजारचा सगुण कुंपणाशी उभा. "मास्तरानू, इलात? माका वाटला, तुम्ही थंयच रवतालात (तिथेच राहाल)." मी मान हलवली आणि हातपाय न धुता थेट परसातल्या कोकमाखाली गेलो. पाचोळा बाजूला केला, डबा आडवा धरला. देवगांडूळ क्षणभर थांबलं, मग तोंड मातीत खुपसलं आणि गेलं. इतक्या दिवसांच्या सोबतीनंतर त्याने मागे वळून पाहावं अशी अपेक्षा नव्हती. त्याला डोळेच कुठे आहेत. तरी मी तिथे बराच वेळ बसून होतो. माझं घर होतं, माझी माती होती, आणि मला मोहालीच्या त्या मागच्या खोलीची आठवण येत होती.

परवा रविवारी त्यांचा व्हिडिओ कॉल आला. कोकमाला चारच पानं उरली आहेत, पण मुग्धा म्हणाली की खोड अजून हिरवं आहे. मग रेवाने फोन हिसकावून घेतला आणि अंगठा कॅमेऱ्याला चिकटवला. नख चांगलंच वाढलेलं होतं. कापायचं नाही म्हणून आईशी भांडण झालं होतं म्हणे.

"नानू, बघ," ती म्हणाली. मराठीत म्हणाली, शब्द जोडत जोडत. "एवढा तू जवळ आला."

चंदीगडही त्याच जमिनीवर आहे. आमचं गाव जेवढं उत्तरेकडे सरकतं, तेवढंच तेही पुढे सरकतं. आमच्यातलं अंतर होतं तेवढंच राहतं. हे एका वाक्यात सांगता आलं असतं, आणि माझ्या वर्गात असं उत्तर कुणी दिलं असतं तर मी त्याला फळ्यापाशी उभं केलं असतं.

"होय गो," मी म्हटलं. "एवढा आलो."