तुसं न्यायला येणाऱ्या मॅडम

कळंबच्या आमच्या भाताच्या गिरणीवर त्या मॅडम स्कूटरवरून तुसं न्यायला यायच्या. कर्जतच्या एका कॉलेजात त्यांचं संशोधन चालू होतं. तुसं जाळून उरलेल्या राखेपासून मोडलेलं हाड सांधायचा लेप बनवायचा, असं काहीतरी. मूठभर तुसं उचलून त्या आधी हुंगायच्या, मग ओढणीला चिकटलेली कुसळं वेचत बसायच्या. 'नक्की' हा शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नाही.

खुब्याच्या ऑपरेशननंतर माझी आई गिरणीला लागूनच असलेल्या आमच्या घरात खाटेवरच पडून होती. एकदा तिने त्यांना हाक मारली.

"बाय, तुज्या त्या राखेनं माजं हाड बरं व्हईल का गं?"

"नाही आजी. अजून ते माणसाला देता येत नाही. खूप वर्षं लागतील."

आईने भिंतीकडे तोंड फिरवलं. मला त्यांचा रागच आला. म्हातारीच्या समाधानासाठी हो म्हणायला काय जात होतं?

त्या मात्र निघून गेल्या नाहीत. खाटेशी बसून म्हणाल्या, "डॉक्टरांनी चालायला सांगितलंय ना?"

"दुखतं गं."

"दुखेल," असं म्हणून त्यांनी खांदा पुढे केला.

त्या खांद्याला धरून आई उंबऱ्यापर्यंत गेली. मग त्या आल्या की दोघी थोड्या आणखी पुढे जाऊ लागल्या.

हंगाम संपला, गिरणी बंद झाली. तरी एका सकाळी दारात स्कूटर थांबली.

"मॅडम, आता तुसं नाय मिळायची," मी म्हणालो.

"माहीत आहे," म्हणत त्या घराकडे वळल्या.

आई चपला घालून, काठी घेऊन ओटीवर उभीच होती.