नाक्यावरची बाटली

शैलाताई गेल्याचं मला फोनवर सांगितलं ते आमच्या विभागप्रमुखांनी. "बड़ी सिन्सियर लेडी थीं जी," म्हणाले. ज्या माणसानं बाईंना अखेरपर्यंत गलथान ठरवलं, त्याच्या तोंडून ही तारीफ... मी फोन आपटला.

माझा बाप लातूरकडं गवंडीकाम करतो. घरातला पहिला पदवीधर मी, आणि ते मी मान वर करून सांगतो. चंदीगडला संशोधनाला आलो तो सांगलीच्या शैलाताईंच्या हाताखाली. पाण्यातला धातू पकडायची त्यांची रीत अशी : पाण्यात पाऱ्याचा थेंब लोंबता ठेवून वीज सोडायची, धातू त्या थेंबात गोळा होतो, मग विजेचा दाब हळूहळू बदलत न्यायचा, धातू सुटतो आणि कागदावर पेन उडी मारतं. कुठल्या धातूची उडी कुठं, ते ठरलेलं. आधी शुद्ध पाणी लावायचं. पेन सरळ गेलं तरच पुढं. बाटल्या त्या स्वतः आम्लात भिजवून धूत. "दत्ता, बाटलीनं खोटं बोलता कामा नये."

इंडस्ट्रियल एरियात धातूला मुलामा चढवायच्या, प्लेटिंगच्या एका कारखान्यामागं मजुरांचा हापसा आहे. त्याचं पाणी घेऊन आम्ही स्कूटरवरून परतत होतो. पंजाबातल्या दहशतवादाचे दिवस, कर्फ्यू नुकताच उठलेला. नाक्यावर शिपायानं पिशवी उघडायला लावली.

"ये क्या है?"

"पानी."

"पानी है तो पी के दिखाओ."

मी हात पुढं करेपर्यंत ताईंनी घोट घेतलासुद्धा. शिपाई ओशाळला. "जाओ बहनजी." पण ताईंनी स्कूटर परत हापशाकडं वळवायला लावली. उष्टी बाटली मोजायला चालत नाही!

नव्या बाटलीतल्या पाण्यानं कॅडमियमची, त्या विषारी धातूची उडी पार कागदाच्या टोकाला नेली. कारखानदार आमच्या विभागप्रमुख साहेबांचा दोस्त. साहेब म्हणाले, "बोतल गंदी होगी. हालात ठीक होने दीजिए, फिर देखेंगे." हालात म्हटलं की इथं सगळ्यांची तोंडं बंद होतात. ताईंचं झालं नाही. "पानी साफ है ना सर? पी के दिखाइए."

ते प्यायले नाहीत, आणि विसरलेही नाहीत. ताईंची बढती अडली. 'यांच्या बाटल्या गलिच्छ असतात' हे त्यांच्या नावाला चिकटलं ते चिकटलंच. मजूर अजून तेच पाणी पितात.

शोकसभेचे अध्यक्ष साहेबच. पाण्याची व्यवस्था मी मागून घेतली होती. ताईंची बाटली हापशावर भरून आणली, साहेबांच्या पेल्याशेजारी ठेवली आणि माइकवरूनच सांगितलं, "सर, उसी हैंडपंप का है." ताईंच्या काटेकोरपणावर ते बराच वेळ बोलले... घसा सुकला, ठसका लागला, पण पेल्याला हात लावला नाही. सगळ्या विभागानं पाहिलं. बाटली गलिच्छ होती की पाणी, याचा निकाल त्या कोरड्या घशानं दिला.

पीएचडी अडवतील माझी. अडवू देत. साहेब लवकरच निवृत्त होतायत. निरोप समारंभाच्या पाण्याची व्यवस्थाही मीच मागून घेतलीय. ताईंची बाटली आज धुवायला आम्लात घातली आहे. तिनं खोटं बोलता कामा नये.