दाजींची नजर

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, स्वतःच्या डोळ्यांबद्दल असं बोलायचे, जसं लोक कर्त्यासवरत्या मुलांबद्दल बोलतात. "असा डोळा शोधून सापडणार नाही," हे वाक्य आम्ही चहाबरोबर ऐकलं, जेवताना ऐकलं, आजारी माणसाला बघायला गेलो तेव्हाही ऐकलं.

काम म्हणाल तर साधं होतं. कचेऱ्यांतून जुने मॉनिटर आमच्या कारखान्यात येत. ते दुरुस्त व्हायचे, पुसले जायचे आणि दाजींच्या काळोख्या खोलीत जायचे. दाजी पडदा आधी पांढरा करत, मग काळा, मग लाल, हिरवा, निळा. ठिपका दिसला की ठरवायचं, की ही घाण आहे का डेड पिक्सेल, म्हणजे पडद्यातला विझलेला प्रकाशकण. ओल्या फडक्यानं निघाली तर घाण. बाजूनं बॅटरी मारल्यावर उठून दिसली, तरी घाणच. भिंगाखाली चौकोनी, रेखीव कडा दिसल्या तर पिक्सेल मेला, माल बाद. कुणालाही महिनाभरात जमेल असं काम. पण दाजी फडकं घेत नसत, बॅटरी घेत नसत, आणि भिंगाला तर हातही लावत नसत. "भिंग आंधळ्यांसाठी असतं," म्हणायचे. मी त्याच कारखान्यात खोकी बांधायचे, त्यामुळे हा थाट मला रोज फुकटात बघायला मिळे.

एका वर्षी बाद माल वाढू लागला. भिंतीला लावलेली चळत खिडकीपर्यंत आली. दाजी पुसणाऱ्या बायकांवर खेकसत, "फडकं फिरवता का वारा घालता?" पुन्हा पुसून नेलं की म्हणत, "घाण नाही ही. मेलाय पिक्सेल." मालकांनी भीतभीत विचारलं, तर उत्तर मिळालं, "हल्ली मालच सडका येतो. मी डोळ्यांत तेल घालून बसलोय म्हणून तुमची अब्रू शाबूत आहे." मालक त्या अब्रूच्या ओझ्याखाली मान डोलावत निघून गेले. ज्याचा आवाज चढा तो जाणकार, एवढंच मालकांना धंद्यातलं कळत होतं.

घरीही तेच. दाजींना दुधात काळं दिसायचं. ताईनं गाळून दिलं तरी दिसायचं. भिंतीवर ठिपके, ताटात ठिपके, धुतलेल्या सदऱ्यावर ठिपके. "तुझ्या हाताला स्वच्छता ठाऊकच नाही," असं तिला आल्यागेल्यासमोर सुनवायचे. ताई पुन्हा धुवायची. मध्येच त्यांना वीज चमकल्यासारखं व्हायचं, तर त्यांनी सगळ्या खोल्यांतले दिवे बदलायला लावले.

मी एकदा म्हटलंच, "दाजी, ठिपका पडद्यावर असेल तर जागचा हलणार नाही. तुमचा ठिपका तुमच्याबरोबर दुधात कसा येतो? डोळे दाखवून या."

"तू खोकी बांध," दाजी म्हणाले. "ती तरी धड बांध."

मग एके दिवशी दाजींनी एक नव्यासारखा चकचकीत मॉनिटर माघारी लोटला. "अख्खा कोपरा काळा आहे! खालचा डावा. हे कुणाला दिसलं नाही?"

आम्ही सगळ्या बघायला गेलो. पडदा शुभ्र होता. मालकही आले, वाकले, डोळे बारीक केले आणि दाजींकडे बघून म्हणाले, "हो, जरा काळपट वाटतंय खरं."

मला हसूच आवरेना. हसतहसतच ताईला फोन केला आणि हकीकत सांगितली. ती मात्र हसली नाही. जेवणाचा डबा द्यायलाही ती कधी कारखान्यात यायची नाही, त्या दिवशी मात्र स्वतःहून आली. थेट खोलीत शिरली आणि काही न विचारता दाजींच्या डाव्या डोळ्यावर तळहात ठेवला.

"आता दिसतोय काळा कोपरा?"

"हे काय चाललंय? लोक बघतायत."

"दिसतोय का?"

"...नाही."

तिनं हात उजव्या डोळ्यावर नेला. "आणि आता?"

दाजींनी हात लांबवून पडद्याचा तो कोपरा बोटानं पुसून पाहिला. ताईनं त्यांची पिशवी उचलली. "चला," एवढंच म्हणाली, आणि ते तिच्यामागून निघाले.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, "पडदा सुटलाय. डोळ्यातला. ठिपके कधीपासून दिसतायत?"

"मला वाटलं, मॉनिटरवर आहेत," दाजी पुटपुटले.

"सगळ्याच मॉनिटरवर?"

शस्त्रक्रिया झाली. सुटलेला पडदा दाबून धरायला डोळ्यात वायूचा बुडबुडा सोडला होता, त्यामुळे कित्येक दिवस पालथं पडून राहायची सक्ती होती. जन्मभर नाक वर करून हिंडलेला माणूस उशीत नाक खुपसून पडला. मी मुद्दाम बघायला गेले. मला वाईट वाटायला हवं होतं, नाही वाटलं. ताईचं वाटलं. ती जमिनीवर बसून त्यांना खालून पेल्यात नळी घालून पाणी पाजत होती, आणि ते उशीतूनच सांगत होते की नळी तिरकी धरलीय.

तिकडे आम्ही चळत उतरवली. फडकं, बॅटरी, भिंग, सगळं वापरलं. बहुतेक माल धडधाकट निघाला. मालक म्हणाले, "मला शंका होतीच."

दाजींचा डावा डोळा वाचला, पण धूसर राहिला. आता ते गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकायला दारातल्या टेबलाशी बसतात. तिथं डोळे लागत नाहीत, तोंड लागतं. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, की दुसरा कुणी असता तर त्याला कळलंही नसतं, माझी नजर तयार म्हणून रोग वेळेत सापडला. ऐकणारे माना डोलावतात.

ताई अजून त्यांच्या डोळ्यात औषध घालते. दाजींचं म्हणणं, तिला थेंब नीट सोडता येत नाहीत.