उजव्या अंगाचा

मी आळेफाट्यावर झेरॉक्स आणि ऑनलाइन अर्ज भरून द्यायचं दुकान चालवते. वय चौतीस, लग्न केलेलं नाही, आणि का नाही असं विचारणाऱ्याचा अर्ज मी सगळ्यात शेवटी भरते. सर्व्हर बंद पडला की दुकानात दोन-दोन तास हातावर हात ठेवून बसावं लागतं. त्या रिकामपणात मला एका परदेशी मालिकेचं वेड लागलं.

हिंदीत डब केलेली मालिका होती. धरणाच्या काठी डोंगरातलं एक गाव, तिथली शाळेतली बाई नाहीशी होते, आणि तपासाला दोन अधिकारी येतात, एक बाई आणि एक पुरुष. इथवर सगळं सरळ. पुढं मात्र मेलेली माणसं फोनवर बोलायला लागतात, पाऊस तळ्यातून वर जातो, आणि सकाळी भोंगा झाला की गावातली घड्याळं मागं सरकतात. सातव्या भागात तो पुरुष अधिकारी धरणात बुडून मरतो. शेवटच्या भागात ती बाई एकटीच, पहिल्या दिवशी उतरली होती त्याच खानावळीत येते आणि बाकावर बसते. मालकीण चहा ओतता ओतता पहिल्या भागातलाच पहिला प्रश्न विचारते, किती दिवस राहणार? तेवढ्यात भोंगा वाजतो आणि पडदा काळा होतो.

रेंज गेली असेल म्हणून मी मोबाईल खिडकीशी नेला. मग कळलं की संपलं, हाच शेवट. इतकी वर्षं सासू-सुनांच्या मालिका पाहून वाटायचं की गोष्ट म्हणजे शेवटी सगळ्यांना एका ओळीत उभं करणं. कुणीतरी आपल्याला असं अर्ध्या वाटेत सोडून निघून जाऊ शकतं, आणि तरी आपल्याला ते इतकं मोठं वाटू शकतं, हे मला माहीतच नव्हतं. त्या दिवशी मी दोन जणांचे सात-बारे अदलाबदल करून दिले.

मोबाईलवर या मालिकेवाल्यांचा एक मराठी ग्रुप सापडला, आणि मी त्यात पार बुडाले. कुणी म्हणे सगळं गाव एकाच दिवसात अडकलंय. कुणी म्हणे ती बाई पहिल्या भागातच मेलीय, बाकी सगळा तिचा भास. माझं म्हणणं असं की काळाचा फेरा आहे, तीच बाई पुन्हा पुन्हा त्या बाकावर येते, फक्त तिला आठवत नाही. नागपूरचा एक जण होता, तोंडही न पाहिलेला, तो मला रोज खोडायचा. त्याच्या मते शेवटी बसलेली बाई तीच नाही, तोंडावळा सारखा असलेली दुसरीच. केस वेगळे, कपडे वेगळे, आवाजसुद्धा थोडा बदललेला. पुरावा द्या, म्हणायचा. मी चहाच्या कपांचे टवके मोजले, भिंतीवरची घड्याळं मोजली, डोळ्यांची वाट लावली. पुरावा काही मिळेना.

आमच्या घरी तेव्हा वडिलांकडेही रिकामपण होतं. त्यांना आम्ही आण्णा म्हणतो. आदल्या वर्षी त्यांच्या बैलजोडीतला डाव्या अंगाला जुंपायचा तो बैल लंपीच्या रोगानं गेला. भावानं ट्रॅक्टर घेतलाच होता. एकट्या बैलाला कुठं जुंपणार, म्हणून दुसरा बेल्ह्याच्या बाजारात विकला. आण्णा त्या दिवशी घरी आले ते दावं खांद्यावर टाकून, आणि त्यानंतर आठ-दहा दिवस धड बोलले नाहीत. भावानं मागचा जुना गोठा पाडून तिथं ट्रॅक्टर आणि मोटारसायकल लावायला पत्रा टाकला, आणि आईच्या दोन गाईंना पुढच्या अंगाला नवं शेड बांधून दिलं.

एका रविवारी मी ओसरीवर तो शेवटचा भाग पुन्हा पाहत होते, कितव्यांदा ते सांगत नाही. आण्णा शेजारी येऊन बसले. त्यांच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे, ऑपरेशनला ते वर्षभर पुढची तारीख देत होते. मी मोबाईल त्यांच्या उजव्या डोळ्यासमोर धरला आणि थोडक्यात गोष्ट सांगितली.

"रोज त्योच दिवस उगवतो म्हनतीस, मंग चुलीला सरपन कुठून येतं?" त्यांनी विचारलं.

आई आतून म्हणाली, "आन ती बया जेवती कवा? निस्ता च्या."

मी कपाळाला हात लावला. पण आण्णा सोडेनात. त्यांनी पहिला भाग लावायला सांगितला, मग मधले दोन, मग पुन्हा शेवटचा. शेवटच्या दृश्यावर म्हणाले, थांबव.

"हीच ती. दुसरी न्हाई."

"कशावरून?"

"उजव्या अंगाची हाये," आण्णा म्हणाले. "बग की. गाडीत, रस्त्याला, जेवायला, कुठंबी, तो डाव्या हाताला आन ही उजव्या. आता सगळा बाक मोकळा पडलाय. मदी बसावं ना बाईनं ऐसपैस. तर बसलीय उजव्या टोकाला. त्याची जागा सोडलीय तिनं. डोस्क्यातलं जातंय सगळं, पर जू ज्या बाजूला धरलं ती बाजू अंगातनं जात न्हाई."

मी सगळे भाग पुन्हा पळवून पाहिले. खरं होतं. नऊच्या नऊ भागांत, तो मेल्यावरच्या दोन भागांतसुद्धा, ती उजव्याच अंगाला. इतक्या जणांनी इतके महिने कप आणि घड्याळं मोजली, आणि समोर बसलेली बाई कुणी पाहिलीच नव्हती. मी ते ग्रुपवर टाकलं. संध्याकाळी नागपूरवाल्यानं लिहिलं, तुमचे वडील काय करतात? मी लिहिलं, बैल ओळखतात.

ते मी अभिमानानं लिहिलं होतं. महिन्याभरात तेच वाक्य आमच्या घरात भांडणाचं कारण होईल, असं वाटलं नव्हतं.

आण्णा बाजारच्या दिवशी बेल्ह्याला जायचेच, विकायचं-घ्यायचं काही नसलं तरी. त्या दिवशी दुपारी त्यांचा फोन आला, फाट्यावर टेम्पो थांबतोय, तू ये, आपला बैल घावलाय. मी दुकानाला कुलूप लावून गेले. टेम्पोत पांढरा बैल उभा होता. शिंगं साळून बारीक केलेली, वर लाल रंग, वेसण नवी. आमच्या बैलाची शिंगं जाड होती आणि कपाळावर करडी झाक होती. ह्याच्या कपाळावर भंडारा फासलेला, त्यात झाक दिसेना.

"व्यापारी म्हनतो पारनेरकडचा हाये," आण्णा म्हणाले. "म्हनू दे. मी त्याला बगितलंच न्हाई आदी, त्यानं मला बगितलं."

भाऊही फाट्यावर आला आणि त्याचं डोकंच फिरलं. "आण्णा, तुमाला समोरचं मानूस दिसत न्हाई. त्या व्यापाऱ्यानं वळखलं, म्हातारा गळाला लागला. ट्रॅक्टर दारात असताना ह्याला काय ववाळायचंय?" माझ्याकडे वळून म्हणाला, "आन ताई, तूच चढवलंय ह्यांना. उजव्या अंगाचं, डाव्या अंगाचं."

खोटं कशाला बोलू, मलाही तो बैल आमचा वाटत नव्हता. आण्णांच्या लक्षात आलं असावं. ते शांतपणे म्हणाले, "सोडू त्याला हितं वळनावर. कुनी दावं धरायचं न्हाई. आपला असंल तर घरी यील. नसंल तर फुडच्या बाजारला जाऊ दे, आन मीबी त्याच्यानंतर बाजारला जानार न्हाई. ठरलं."

चाळीस-पंचेचाळीस वर्षांचं बाजाराला जाणं माणूस एका बैलावर पणाला लावत होता. मला म्हणावंसं वाटलं, आण्णा, नका हो. पण म्हटलं नाही, कारण मग माझाही विश्वास नाही हे उघड झालं असतं.

आमची वस्ती रस्त्यापासून आत आहे. वळणावर बैल उतरवला आणि दावं गळ्यात गुंडाळून सोडून दिला. आण्णा पुढं जाऊन नव्या शेडपाशी हिरव्या मक्याची पेंडी घेऊन उभे राहिले. बैल बराच वेळ उभाच. मग निघाला, आणि वस्तीच्या वाटेला लागला. भाऊ म्हणाला, एकच तर वाट आहे, जाईल कुठं. तेही खरंच होतं.

बैल अंगणात आला. आण्णांनी "ये रं, ये" म्हणून मका पुढं केला. बैलानं मक्याकडे पाहिलंही नाही. शेड ओलांडून, आण्णांच्या पुढून तो तसाच चालत गेला. आण्णांचा मक्याचा हात हळूहळू खाली आला. त्यांचं तोंड बघवेना. भाऊ दावं धरायला बैलामागं निघाला.

बैल घराला वळसा घालून मागं गेला. आम्ही पोहोचलो तर तो पत्र्याखाली उभा, घराच्या मागच्या भिंतीकडे तोंड करून. ट्रॅक्टर रानात होता. डाव्या अर्ध्या जागेत भावाची जुनी मोटारसायकल लावलेली. बैल उजव्या अर्ध्यात उभा राहून भिंत हुंगत होता. तिथं गव्हाण होती. वर्ष झालं पाडून, वर सिमेंट केलेलं. आमच्या तिघांच्याही लक्षात नव्हतं की आपण गोठा हलवलाय. ज्यानं गोठा पाडलेला पाहिला नव्हता, तो बरोबर जुन्या जागी आला होता.

आण्णा मागून येऊन खांबाला धरून उभे राहिले. भावानं पाहिलं आणि मोटारसायकल ढकलत बाहेर नेली. आता सगळी जागा मोकळी झाली. बैलानं मान डावीकडे वळवून मोकळ्या जमिनीचा वास घेतला, पुन्हा घेतला, आणि पुन्हा भिंतीकडे तोंड केलं. पाऊलभरसुद्धा डावीकडे सरकला नाही. दुसऱ्याची जागा सोडून, आपल्या टोकाला उभा राहिला.

मला तो बाक दिसला. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि ते लपवावं असंही वाटलं नाही. कुठली दूरदेशची मालिका, तिचा शेवट लिहिणाऱ्यानं बेल्ह्याचा बाजार कशाला पाहिला असेल. तरी त्याला आणि आण्णांना एकच गोष्ट ठाऊक होती. मी ती महिनोन्‌महिने कपांच्या टवक्यांत शोधत होते.

आण्णांनी बैलाच्या मानेवरून हात फिरवला. "तो न्हाई रं आता," एवढंच त्याला म्हणाले, आणि तिथंच खाली बसून रडले.

भाऊ पहार घेऊन आला आणि बैलाच्या बाजूला सिमेंट फोडून खुंटा रोवला. घाम पुसून त्यानं आण्णांकडे न बघता विचारलं, "आन डाव्या अंगाचा?"

"त्योबी रोव," आण्णा म्हणाले.

तो डावीकडचा खुंटा अजून तिथं आहे, मोकळा. मोटारसायकल आम्ही बाहेर कडुनिंबाखाली लावतो.