चुका काढणारे भावजी

माझ्या भावजींसारखा चिकित्सक माणूस मी दुसरा पाहिला नाही. घराला कुलूप लावून चार पावलं गेले की परत येऊन ते ओढून बघणार. ताईचं अर्धं आयुष्य जिन्यात ताटकळत गेलं.

आम्ही दोघं एकाच इस्पितळात. मी एक्स-रे काढते, ते तळघरात संगणक सांभाळतात. जुने एक्स-रे ज्या डिस्कवर आहेत, तिची फाइल ठेवायची पद्धत एका बुडालेल्या कंपनीची. लिनक्सच्या कर्नेलला, म्हणजे संगणक चालवणाऱ्या गाभ्याला, ती मुळातून कळत नाही. ती समजावणारा प्रोग्रामचा तुकडा, मॉड्यूल, भावजी बाहेरून जोडतात आणि कर्नेल बदलला की ते पुन्हा बिल्ड करून, म्हणजे नव्याने बांधून, त्याचं पॅकेज बनवतात. कौतुक कुणी करत नाही, अडलं की सगळे त्यांच्या नावाने खडे फोडतात.

यंदा जुना सर्व्हर जळाला. डिस्क वाचली, पण नव्या मशीनवर नवा कर्नेल, आणि मॉड्यूल काही केल्या बिल्ड होईना. नेमका त्याच आठवड्यात ताईच्या फुफ्फुसात डाग दिसला.

"मागे न्यूमोनिया झाला होता ना?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "त्यानंतरच्या एक्स-रेत हाच डाग असेल तर तो जुना व्रण. विसरून जा. नसेल तर मात्र तो नवा..." तो एक्स-रे त्याच डिस्कवर होता.

भावजी ठाण मांडून बसले. आधी मॉड्यूल बांधायला लागणाऱ्या नव्या कर्नेलच्या हेडर फायलीच सापडेनात. त्या बसवल्या, तर तीन गोष्टी घेणारं फंक्शन आता चार मागू लागलेलं, आणि दुसरं एक तर गायबच. चुकीची एक लाल ओळ मिटवली की खाली दुसरी डोकं वर काढी. शेवटी चुका संपून नुसते इशारे उरले तेव्हा माझा धीर सुटला.

"इशारेच आहेत ना? करा बंद आणि उघडा एकदाचं!"

"उघडेल गं. पण आतलं भलतंच वाचलं तर? तुझ्या ताईचा आहे तो."

मला त्यांना धरून गदागदा हलवावंसं वाटलं. त्यांनी एकेक इशारा निस्तरला, पॅकेज कोऱ्या मशीनवर बसवून पाहिलं, मगच डिस्क जोडली.

एक्स-रे उघडला. असले मी रोज ढिगाने बघते, मला कुणी सांगावं लागत नाही. फुफ्फुस स्वच्छ होतं. डाग नव्हता.

"माझंच काहीतरी चुकलंय," भावजी म्हणाले. "मॉड्यूल फाइलचे मधले तुकडे गाळतंय." त्यांचा आवाज चक्क खुलला होता. जन्मभर चुकांवर करवादणारा माणूस, आता चुकीपुढे हात जोडायचा तेवढा बाकी होता. प्रत्येक एक्स-रेबरोबर यंत्राने पडताळणीचा आकडा लिहिलेला असतो. फाइल जराशी जरी बिघडली तरी तो जुळत नाही. त्यांनी तो काढून पाहिला. जुळला. दुसऱ्या मशीनवर काढला. तिथेही जुळला. मग म्हणाले, हा दुसऱ्याच कुणाचा असेल. ताईचं लहानपणी मोडून वाकडं जुळलेलं गळ्याचं हाड मी पडद्यावर बोट ठेवून दाखवलं.

ताई बाहेर बाकावर बसली होती.

"उघडला?"

"उघडला."

"मग तुमचं तोंड असं का? काय चुकलं?"

भावजींनी तिच्या मांडीवरची पिशवी स्वतःकडे घेतली.

"काहीच चुकलं नाही गं," ते म्हणाले, आणि माझ्यादेखत रडू लागले.