पाटीवर ‘इको’ लिवलंय

किश्श्यांचं घोसाळ्यासारखं असतंय. एक वेल कुंपणावर चढू द्या, नको म्हटलं तरी घोसाळी परसभर लोंबतात. टिळकवाडीतल्या एका दुकानाच्या दारात मी स्टूल टाकून बसायला लागलो आणि माझं तसंच झालं.

दुकान सुनंदाचं. ती माझा दोस्त मारुतीअण्णा, त्याची सून. अण्णा आणि मी दोघं कंग्राळीचे. तो शिकून हेडक्लार्क झाला, मी सातवीत मास्तरांच्या खुर्चीला डिंक लावून कायमचा घरी आलो. सुनंदानं अण्णाच्या बंगल्याच्या पुढच्या खोलीत पर्यावरणाला चांगल्या वस्तू मांडल्या. राखुंडी, शिकेकाई, घोसाळ्याचा चोथा, बांबूचे ब्रश. म्हणजे आमचं लहानपणच, फक्त पाकिटात घातलेलं. अण्णानं तिला बजावलं, "गणपतीपर्यंत बघतो. न्हाय चाललं तर खोली मोबाईलवाल्याला." पोरीचं तोंड एवढंसं झालं.

*

पहिल्याच आठवड्यात एक बाई चोथा उलटासुलटा करत म्हणाल्या, "हा कशासाठी?"

"अंग घासायला," मी म्हणालो. "आमी म्हशी घासायचो ह्येनंच."

बाई गेल्या. सुनंदा म्हणाली, "काका, तुमी गप बसा की वो."

मग दुसऱ्या बाई आल्या. मी हळूच म्हणालो, "समोरच्या वकिलीणबाईंनी दोन नेले." वकिलीणबाईंनी दुकानाचा उंबरासुद्धा ओलांडला नव्हता. ह्या बाईंनी तीन घेतले.

संध्याकाळी वकिलीणबाई तरातरा आल्या. "माझ्या नावानं काय सांगितलंत तुम्ही?" मी स्टुलावरनं उठलोच, पळायच्या तयारीत.

"आणि तिनं तीन नेले म्हणे? मला चार द्या."

*

पाटी जरा उशिरा लागली, ‘इको भांडार’. दुसऱ्या दिवशी कंग्राळीचा एक म्हातारा डोक्यावर बांबूच्या बुट्ट्या रचून हजर.

"काय पायजे, आज्जा?" सुनंदानं विचारलं.

"पायजे कुठलं गं? इकाय आलोय. पाटीवर ‘इको’ लिवलंय न्हवं?"

आमच्याकडं विकण्याला इकणं म्हणतात, त्याला म्हातारा काय करणार! सुनंदाला हसू आवरेना. तिनं सगळ्या बुट्ट्या ठेवून घेतल्या. तसल्याच बुट्टीत आमची आई भाकरी ठेवायची, वरनं ओलं फडकं टाकून. टिळकवाडीच्या बायकांनी त्या धुण्याचे कपडे टाकायला नेल्या.

गावात बातमी पसरली. कुणी गोवऱ्या आणल्या, कुणी केरसुण्या. एकजण तर शेळी घेऊन आला. "ही बी इकोच," म्हणाला, "निस्ता पाला खाती."

*

एक रिटायर मास्तर नेमानं बांबूचा ब्रश न्यायचे. मी विचारलं, "काय मास्तर, पृथ्वी वाचवायलाय व्हय?"

"पृथ्वीचं मला काही माहीत नाही," मास्तर म्हणाले. "पण हा बेसिनवर दिसला की पाहुणे विचारतात. प्लास्टिकचा होता तेव्हा जन्मात कुणी विचारलं नाही."

*

एवढं होऊनही विक्री जेमतेमच. गणपती तोंडावर आले आणि मोबाईलवाला टेप घेऊन खोली मोजायला आला. सुनंदा कोपऱ्यात सामान खोक्यात भरायला लागली. मला एक चेष्टा सुचेना.

टेपला आडवा येतोय म्हणून अण्णानं शिकेकाईचा डबा उचलला. झाकण निसटलं. अण्णा तसाच उभा राहिला.

त्याची बायको, आमची आक्का, जाऊन दोन पावसाळे झालेत. रविवारी शिकेकाईनं न्हाऊन ती परसात केस वाळवत बसली की चहा आमचा आम्हालाच करून घ्यावा लागायचा. मागितला तर म्हणायची, "हात मोडलंत काय रं दोघांचं?"

"अण्णा, ह्या भिंतीला शोकेस बसंल न्हवं?" मोबाईलवाल्यानं विचारलं.

अण्णानं डबा सुनंदापुढं ठेवला. "पाव किलो बांध."

अण्णाच्या डोक्यावर तिशीपासनं एक केस नाही.

"कुणाला, मामंजी?" सुनंदानं विचारलं.

"कुणाला म्हंजे? मला." मग मोबाईलवाल्याकडं न बघताच म्हणाला, "टेप गुंडाळ रं. खोली दिलीय मी."